तालमीच्या चौकातला जवान

कारगिलच्या उन्हाळ्यात मी कोल्हापुरात एका पेंटरकडे बोर्ड रंगवत होतो. गाव लातूरकडचं, शाळा सातवीतच सुटलेली. मालकांनी अक्षराला वळण लावलं, घरचं जेवू घातलं. ते उपकार फिटायचे नाहीत. तरी काम कधी जाईल याची धाकधूक कायम असायची.

मालकांकडे जुन्या लढाईतली पोस्टरं गुंडाळून ठेवलेली होती. ती पसरून ते म्हणायचे, "नजर आधी कुठं जाती बघ." एकात जवानाचं बोट समोर रोखलेलं, कुठूनही बघा, ते आपल्यावरच. दुसऱ्यात कडेवर मूल घेतलेली बाई, मागे आग. शत्रू कुठेच नाही. खाली चार शब्द, तेही प्रश्नाचे.

"उत्तर बघणाऱ्यानं द्यायचं. मनातनं लाजला की माणूस उठतोय," मालक सांगायचे.

त्याच आठवड्यात जवळच्या तालमीनं रक्तदान शिबिराचा बोर्ड सांगितला. मालकांनी तो एकट्या माझ्यावर सोडला, पहिल्यांदाच. बिघडला तर गावची गाडी, असं मी धरूनच चाललो होतो. लंबगोलात छातीपर्यंतचा जवान काढला, खाली तेवती ज्योत. ज्योत म्हणजे त्याग, असं माझं डोकं. बोर्ड चौकात लागला आणि माणसं थांबू लागली. काहीजण चपला काढून हात जोडायचे.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली मावशी दुकानात आली. तिचा मुलगा सीमेवर होता, बरेच दिवस पत्र नव्हतं.

"पेंटर, ह्यो कोण गेला?"

"कोणी नाही मावशी, नुसतं चित्र आहे."

"मग दिवा कशाला लावलास मुडद्या, जित्या माणसाम्होरं?"

वर्षभर मालकांच्या हाताखाली मी श्रद्धांजलीचेच बोर्ड रंगवले होते. हात आपोआप त्याच साच्यात गेला होता.

मावशी दिवा पुसा म्हणाली, पण तालमीचे अध्यक्ष ऐकेनात. "ऱ्हाऊ दे की! लोक थांबत्यात न्हवं?"

त्यांचं खोटं नव्हतं. पोस्टर म्हणून ते चांगलंच लागू पडलं होतं. मालक एवढंच म्हणाले, "बोर्ड तुझा हाय. तू सांग."

"पुसतो," मी म्हणालो.

मावशी शिडीखाली उभीच राहिली. "पाय दाव त्याचं. उभा हाय, दिसू दे."

मी लंबगोल बुजवला, ज्योत बुजवली, जवान पुरा रंगवला. बूट, बुटांखाली दगड. नंतर लोक चालता चालताच बघायचे. अध्यक्षांनी पुढचं काम दुसरीकडे दिलं. दोन दिवस मी पिशवी भरून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मालकांनी एका पिठाच्या गिरणीचा कोरा पत्रा माझ्यापुढे टेकवला आणि चहा सांगायला गेले.