वैशालीने न दिलेला पास

कोमलचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, ही थाप आहे. मी बदलापूरला शाळेच्या मैदानावर होते, मुलींचा सराव चालू होता आणि कोमल फोनवर रडत सांगत होती की वैशाली गेली. कोमल म्हणजे आमच्या कॉलेजच्या संघातली तिसरी. आता उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये नवऱ्याच्या दुकानात बसते. तिला माणसं गोळा करायची भारी हौस. मागे एकदा आमचे कॉलेजचे कोच, सर, आजारी आहेत असं सांगून तिने मला आणि वैशालीला उल्हासनगरला बोलावून घेतलं होतं, आणि गेलो तर सर ठणठणीत, समोर फरसाणाच्या बश्या मांडलेल्या. त्यामुळे मी तिला म्हटलं, रडणं पुरे, कुठे यायचं ते सांग. ती म्हणाली, "माधुरी, मैं झूठ नहीं बोल रही यार… विठ्ठलवाडीला ये. घरी आणलंय तिला." तरी मी विठ्ठलवाडीला पोहोचेपर्यंत मनातल्या मनात कोमलला शिव्याच घालत होते. चाळीच्या तोंडाशी पांढऱ्या कपड्यातली माणसं दिसली तेव्हा माझे पाय थांबले. डेंग्यू झाला होता. आठवडाभराचा ताप, आणि संपलं. तिशीही उलटली नव्हती तिची.

वैशाली गायकवाड हे नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. एका सरकारी खात्याच्या महिला बास्केटबॉल संघात ती गार्ड होती, म्हणजे चेंडू पुढे नेणारी आणि बाकीच्यांना वाटणारी. बास्केट करणारीचा फोटो छापून येतो, चेंडू देणारीचा येत नाही. दोन हजार सालाच्या आसपास आम्ही उल्हासनगरच्या कॉलेजात एकाच वर्षी शिरलो. मी चामटोलीची, शेतकऱ्याच्या घरची. अर्ध्या चड्डीत खेळते हे गावात कळू नये म्हणून ट्रॅकपँट वरून घालून घराबाहेर पडायची. वैशाली विठ्ठलवाडीच्या चाळीतली. तिचे वडील लवकर गेलेले, आई एका कारखान्यात पॅकिंगला. आमचं कोर्ट सिमेंटचं, त्यावर कायम धुळीचा थर. बूट घसरू नयेत म्हणून सगळ्याच जणी अधूनमधून पाय उचलून तळहाताने बुटाचा तळ पुसायच्या. या सवयीतूनच आम्ही दोघींनी एक खूण ठरवली. वैशालीने डाव्या बुटाचा तळ पुसला की मी माझ्यावर पहारा करणाऱ्या मुलीच्या पाठीमागून थेट बास्केटखाली धावायचं. मी पोहोचायच्या आत चेंडू तिथे यायचा. समोरच्या संघांना वर्षानुवर्षं कळलं नाही की ही पोरगी बूट पुसते आणि ती दुसरी नाहीशी कशी होते. सरांनाही आम्ही सांगितलं नव्हतं.

मी जन्माची संशयी. आई म्हणायची, हिला पाळण्यात घातली तर ही पाळण्याची दोरी तपासून बघेल. रिक्षावाला सरळ रस्त्याने गेला तरी मला वाटतं की आज याचा काहीतरी डाव आहे. वैशाली यावरून मला फार छळायची. सामना जिंकल्यावर कोणी हात मिळवायला आलं की माझ्या कानात म्हणायची, "बोटं मोजून घे गं." पण तिच्यावर मात्र मी डोळे झाकून धावायचे. अगदी खरोखर… मागे वळून न बघता. चेंडू येणारच. अख्ख्या जगात अशी खात्री मला एकाच माणसाची होती.

मग ती ट्रायल आली. त्या खात्याला एक खेळाडू हवी होती, कायम नोकरीवर. आमच्यासारख्या मुलींपुढे तेव्हा दोनच वाटा होत्या. एक, खात्यात लागणं. मग खेळ हीच नोकरी आणि नोकरी म्हणजे जन्माचं भलं. दुसरी, एखाद्या कंपनीच्या दुय्यम संघात स्टायपेंडवर राहणं. म्हणजे दोन वर्षं घासून घ्यायचं, बरी निघालीस तर पुढे बघू. सरांनी आम्हा दोघींची नावं पाठवली आणि स्पष्ट सांगितलं की घेणार एकीलाच. आम्ही कॅंटीनमध्ये बसून ठरवलं की नेहमीसारखं खेळायचं, जिचं होईल तिचं. मुंबईत लाकडी फरशीचा बंद हॉल होता, आम्ही दोघी पहिल्यांदाच असल्या कोर्टवर उतरत होतो. एका कॉलेजच्या म्हणून आम्हाला एकाच बाजूला टाकलं. मला हायसं वाटलं.

सामना सुरू झाला. वैशालीने डावा बूट पुसला, मी धावले. चेंडू आला नाही. तो नागपूरच्या एका उंच मुलीकडे गेला. मला वाटलं, असेल, तिला मी दिसले नसेन. थोड्या वेळाने तिने पुन्हा बूट पुसला, मी पुन्हा धावले, बास्केटखाली हात पसरून उभी राहिले आणि चेंडू पुन्हा भलतीकडे. असं होत राहिलं. निवड करणारे कडेला खुर्च्या टाकून बसले होते. त्यांना काय दिसत असेल? एक मुलगी कारण नसताना सारखी आत पळते आणि रिकाम्या हाताने परत येते. शेवटी मी धावायचं थांबवलं. तिने बूट पुसला आणि मी जागची हलले नाही. आणि त्या वेळी, नेमका त्याच वेळी, तिने पास दिला. अचूक, बास्केटखाली, माझ्या ठरलेल्या जागेवर. तिथे मी नव्हते. चेंडू सरळ रेषेबाहेर गेला आणि खुर्चीवरच्या एका गृहस्थांनी मान हलवली.

वैशालीची निवड झाली. बाहेर आल्यावर मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "लाकडावर किती घसरतं गं, सारखा बूट पुसायला लागत होता." मी फक्त हो म्हटलं. पण मी विचारलं नसताना तिने हे का सांगितलं? घसरत होतं हे खरं होतं, मीही पुसतच होते. कोमलला सांगितलं तेव्हा तिने मला वेड्यात काढलं. म्हणाली, अगं ती बूट पुसत होती, तू ते खूण समजलीस, बस इतनी सी बात है. असेलही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधी. पण वैशाली उजवा बूटही पुसू शकली असती ना? आणि मी धावत नाही हे दिसल्यावरच चेंडू कसा आला?

पुढची सगळी वर्षं मी हा प्रश्न उशाशी घेऊन झोपले. मी एका कंपनीत स्टायपेंडवर खेळले, ते संपलं, पाहुणी खेळाडू म्हणून या क्लबकडून त्या क्लबकडून खेळले, आणि गुडघा बोलायला लागल्यावर शाळेत शिकवायला लागले. वैशाली खात्याकडून देशभर फिरली. आमची मैत्री तुटली का? नाही. उलट वाढली आणि त्याचाच मला जास्त संशय यायचा. खात्याकडून तिला दरवर्षी नवे बूट मिळायचे. ती एक जोड मला आणून द्यायची. आमचं माप एकच. मी ते बूट घ्यायचे, घालायचे आणि म्हणायचे, चोराच्या मनात चांदणं. अंबरनाथला एका स्पर्धेत आम्ही समोरासमोर आलो तेव्हा तिने माझ्यावर पहारा जरा सैल ठेवला. बाकी कोणाला कळलं नसेल, मला कळलं. त्या दिवशी मी भरपूर बास्केट केल्या आणि एकीचाही आनंद झाला नाही. आमच्या गुणांवर तिची दया लिहिलेली आहे असंच मला वाटत राहिलं.

तरी सुट्टीच्या रविवारी मी विठ्ठलवाडीला जायचे. वैशालीच्या आई सुकटाची चटणी आणि भाकरी करायच्या. जेवून आम्ही दोघी खाली जमिनीवर पाय पसरून, भिंतीला टेकून, कोणाच्या गुडघ्याला काय झालं, कोणत्या संघाने कोणाला घेतलं, असल्या गप्पा मारत बसायचो. बोलता बोलता ती थांबली की मी कान टवकारायचे. आता सांगेल… आता. मी स्वतःहून विचारलं नाही, कारण विचारून मिळालेल्या उत्तरावर माझा विश्वासच बसला नसता. तिने आपणहून सांगायला हवं होतं. शेवटचं भेटलो ते तिच्या आजारपणाच्या थोडं आधी, माझ्या शाळेच्या मुलींचा सामना बघायला ती आली होती. कडेच्या पायरीवर बसून तिने एकदम विचारलं, "तुला कधी माझा राग आला का गं?" मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "तुझा? आणि कशाला येईल?" मला वाटलं, आता ती पुढचं बोलेल. ती बराच वेळ बुटाच्या नाड्यांशी खेळत बसली आणि मग माझ्या संघातल्या गार्डचा डावा हात कच्चा आहे, असं म्हणाली.

वैशालीच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि मग भाषणं. खात्याचे एक साहेब आले होते. ते म्हणाले, वैशालीसारखी निःस्वार्थ खेळाडू त्यांनी पाहिली नाही, स्वतःआधी सोबतिणीला चेंडू देणारी. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. मी कोरड्या डोळ्यांनी बसले होते आणि विचार करत होते की या साहेबांनी तिचा एक तरी सामना पाहिला असेल का. मेलेल्या माणसाबद्दल असं मनात येणं बरं नव्हे, पण आलं. मला तिचा राग येत होता. मला भांडायचं होतं आणि जिच्याशी भांडायचं ती फोटोत बसली होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी एकटीच विठ्ठलवाडीच्या त्या खोलीवर गेले. आई एकट्याच होत्या, तांदूळ निवडत होत्या. मी बसले तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि कसली प्रस्तावना न करता म्हणाल्या, "माधुरी, त्या मुंबईच्या खेळाला तुला बॉल द्यायचा नाही हे मी सांगितलेलं तिला. तिच्या मनात नव्हतं. तुझ्याकडे शेत आहे, बाप आहे, भाऊ आहेत. माझ्याकडे ही एकच होती. मीच बोलले तिला, एकदा निर्दय हो."

म्हणजे खरं होतं. इतकी वर्षं सगळे मला संशयी म्हणत आले आणि मी बरोबर होते. दुसरी कोणी असती तर तिथे रडली असती. मला मात्र नवा संशय आला. या बाईंनी आयुष्यात मुलीचा एकही सामना पाहिला नव्हता. कारखान्यातून सुट्टीच मिळायची नाही. चेंडू न देऊन एखादीला पाडता येतं, हे त्यांना सुचणार कुठून? ते फक्त खेळणारीलाच सुचतं. आमच्या खेळात फाऊल झाला की करणारीने हात वर करायचा असतो. पण कधी कधी फाऊल एकीचा असतो आणि ती बाद होऊ नये म्हणून शेजारची हात वर करते. रेफरीला अनेकदा कळतं. तरी जिचा हात वर झाला तिचाच नंबर तो टेबलाकडे दाखवतो. आई तशाच हात वर करून माझ्यासमोर बसल्या होत्या. वैशालीने कधीतरी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं असणार, आणि आता ती नाही म्हणून तिचं ओझं यांनी आपल्या नावावर लावून घेतलं.

मी तो हात मान्य केला. म्हटलं, "आई, मला तसं कधी वाटलंच नाही हो. लाकडावर घसरत होतं, ती बूट पुसत होती."

आईंच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. त्या रडायला लागल्या. "तेच," त्या म्हणाल्या. "ती हेच बोलायची. माधुरी सगळ्या जगावर संशय घेते आई, माझ्यावर एकदाही घेतला नाही. तेवढंच खायचं बघ तिला. बोलायची, एकदा भांडली असती तर मी सगळं सांगून टाकलं असतं."

मी पदराने त्यांचे डोळे पुसले. त्यांनी जेवायला थांबवलं, मी थांबले. भिंतीला टेकून जेवले. काय जेवले ते आठवत नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्या घरी येत नाही, याची मी नीट चौकशी करून घेतली आहे, म्हणून इथे लिहिते. वैशाली, मी घेतला होता गं संशय. त्याच दिवशी, त्या हॉलच्या दारातच. तू केलंस हे मला तेव्हापासून माहीत होतं, आणि तरीही मी दर रविवारी तुझ्याकडेच येत होते.