दोन टेम्पो

दिघीची खोली सोडायचं ठरलं तेव्हा सामान नेणारा शोधायचं काम माझ्याकडे आलं. यांची लाइन कंपनीने भोसरीतून चाकणला नेली होती. नव्या जागी लगेच सुट्टी मिळत नव्हती, आणि तिथे मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं. पहिल्या शिफ्टला गेले की दुपारी सुटेपर्यंत यांना काही विचारायची सोय नाही. "चार जणांना फोन लाव, नीट चौकशी कर, भरवशाचा माणूस बघ," एवढं सांगून हे कंपनीची बस पकडायला पळाले.

मला फोनवर अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. समोरासमोरही येत नाही, पण तिथे मान हलवून भागतं. बाहेर जाऊन विचारावं तर घरात सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं त्या खाटेवर आहेत. कूस बदलायलासुद्धा मी लागते. खाली दुकानात गेले तरी दहा मिनिटांत परत यावं लागतं. दोन वर्षांत आत्या त्या खोलीतून बाहेर पडल्या नव्हत्या, आणि तसं बघितलं तर मीही नाही.

चाकणजवळ महाळुंग्याला तळमजल्याची खोली मिळाली होती, ते एक बरं होतं. बाकी सामानाचं मला काही नव्हतं. डबे फुटले तर फुटले. काळजी आत्यांची होती. त्यांच्या कमरेखाली पडून पडून जखम झाली होती, मलम लावून, दर दोन तासांनी कूस बदलून ती नुकती भरत आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, कडक जागेवर ठेवू नका, परत चिघळेल. म्हणजे त्यांची खाट अगदी शेवटी भरायला हवी आणि तिकडे सगळ्यात आधी उतरायला हवी. हे ज्याला कळेल तोच भरवशाचा, असं मी मनाशी धरलं होतं.

फोन लावायच्या आधी मी काय बोलायचं ते वहीत लिहून काढलं. "नमस्कार. सामान हलवायचं आहे. घरात आजारी माणूस आहे." तीन वेळा वाचलं. आत्या खाटेवरून ऐकत होत्या.

"अगं, परीक्षा आहे का? लाव की."

पहिला नंबर गल्लीतल्या विजेच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावरून उतरवला होता. त्या माणसाने मला वहीतलं दुसरं वाक्यही पूर्ण करू दिलं नाही.

"मॅडम, टेन्शन घेऊच नका. खोकी आमची, टेप आमची, माणसं आमची. तुम्ही फक्त चहा पाजा. रविवारी सकाळी सात, चालेल ना?"

"हो."

"दिघीची नाल्याकडची गल्ली ना? वरचा मजला, लिफ्ट नाही ना?"

"हो."

"मग फायनल समजू ना मॅडम?"

मी "बरं" म्हटलं. आजारी माणसाचं सांगायचं राहूनच गेलं.

दुसरा माणूस खालच्या दुकानदाराने पाठवला. तो फोनवर बोलायच्या भानगडीत पडला नाही, स्वतःच आला. पन्नाशीचा असेल, बोलण्यावरून लातूरकडचा वाटला. चप्पल दाराबाहेर काढून आत आला. कपाट बघितलं, जिन्याचं वळण हाताने मोजलं, आणि मग खाटेपाशी थांबला.

"आजी उठत नाहीत का, ताई?"

मी मान हलवली.

"मग आपण असं करू. आधी सगळं भरू, खाट शेवटी. आजींना खुर्चीत धरून आम्ही दोघं खाली नेतो. तुम्ही मोटारीने मागून या, सावकाश. तुम्ही पोचेपर्यंत खाट लागलेली असंल. आजी थेट खाटेवर. काय आजी?"

"मला विचारणारा पहिलाच आलास बाबा," आत्या म्हणाल्या.

मला जे वहीत लिहूनही सांगता आलं नव्हतं, ते त्याने न सांगता ओळखलं. मी त्यालाही रविवार सकाळ सांगितली.

आता पहिल्याला नको म्हणायचं होतं. रविवारला चार दिवस उरले होते. रोज वहीत लिहायची, "आमचं दुसरीकडे ठरलं आहे, माफ करा," आणि रोज फोन हातात घेऊन खाली ठेवायची. शनिवारी त्याचाच फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. मी मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवला. मला वाटलं, फोन लागत नाही म्हटल्यावर तो समजून जाईल. यांना यातलं काही सांगितलं नाही. हे विचारायचे, "झालं का ठरवून?" ठरलं तर होतं.

रविवारीही यांना बोलावलं होतं, नव्या मशीनची चाचणी होती. पावणेसातला पहिल्याचा टेम्पो गल्लीत शिरला. मी वरून बघितलं आणि खिडकीतून मागे सरले. सातला दुसरा आला आणि त्याच्या मागे उभा राहिला. आमची गल्ली एका गाडीची. पुढे नाला, मागे दुसरा टेम्पो. कुणालाच हलता येईना. दुधवाला अडकला, मागे आणखी दोन मोटारसायकली. समोरच्या बाईने गॅलरीतून विचारलं, "काय गं, दोन संसार आहेत का तुझे?" आजूबाजूच्या गॅलरीतल्या सगळ्या हसल्या.

"जा खाली," आत्या म्हणाल्या. "त्या पहिल्याला नको म्हण. मोकळी हो. तोंड काय माहेरी ठेवून आलीस का?"

मी गेले. खाली दोन्ही टेम्पोवाले एकमेकांसमोर उभे होते. पहिला मला बघताच वळला.

"मॅडम, हे काय? आपलं फायनल होतं ना? भाड्याची दुसरी वर्दी मी सोडली." त्याने मोबाइल काढला. "रेकॉर्डिंग असतं माझ्याकडे सगळ्यांचं. ऐका."

आणि भर गल्लीत माझा आवाज वाजला. हो. हो. बरं. इतका बारीक की मलाच ओळखू आला नाही. नको हा एकच शब्द बोलायचा होता. मी पदर धरून उभी राहिले.

दुसरा माणूस माझ्याकडे बघत होता. त्याने वाट बघितली, चांगली वाट बघितली. मी मान वर केली असती तरी त्याला कळलं असतं. मग तो म्हणाला, "बाईंनी आधी शब्द दिलाय याला. मी कशाला मधी पडू?" जोडीदाराला म्हणाला, "चल, आजींना तेवढं खाली घेऊ."

ते दोघे वर गेले. आत्यांना गोधडीसकट उचलून खुर्चीत बसवलं, ओढणीने छातीशी बांधलं, आणि जिन्याच्या वळणावर एक एक पायरी मोजत खाली आणलं. खालच्या दुकानदाराने ठरवून दिलेली भाड्याची मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती, तिच्या मागच्या सीटवर एका कुशीवर निजवलं. मग तो टेम्पोत बसला आणि मागे मागे घेत गल्लीबाहेर गेला. मी त्याला चहाही विचारला नाही.

आता पहिल्याची माणसं वर चढली. खाट दारापाशीच होती. त्यांनी ती सगळ्यात आधी नेली आणि केबिनला टेकवून उभी केली. मी म्हटलं, "ती शेवटी..."

"लोखंडी खाट आधीच लावावी लागते मॅडम, मागे ठेवली तर सगळं सामान हलेल. आम्हाला रोजचं काम आहे."

मी बाजूला झाले आणि सामान भरेपर्यंत खाली मोटारीत आत्यांपाशी जाऊन बसले.

महाळुंग्याला पोचलो तेव्हा टेम्पो आला नव्हता. कारखान्यांच्या गाड्यांच्या रांगेत अडकला होता. मोटारवाल्याला दुसरं भाडं होतं. त्याने आणि शेजारच्या एका माणसाने आत्यांना आत आणलं, आणि मी त्यांना फरशीवर गोधडी टाकून निजवलं. एक गोधडी, त्यावर माझी साडी, त्यावर चादर. कूस बदलत राहिले. टेम्पो आला, मग एक एक खोकं उतरलं, कपाट, पाण्याचं पिंप, गॅस, पलीकडच्या भिंतीपर्यंत सामान. आत्यांच्या उशापासून माणसांचे बूट जात होते. मी चादर धरून आडोसा करून बसले होते. आत्या मला दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाट सगळ्यात शेवटी निघाली. ती लावून त्यांना वर घेतलं तेव्हा चार तास झाले होते. पातळ बदलताना बघितलं, जखमेची खपली निघाली होती.

हे शिफ्ट सुटल्यावर आले. नवी जागा जवळ, वीस मिनिटांत घरी. खूश होते. "झालं की सगळं व्यवस्थित! उगाच घाबरत होतीस. माणूस चांगला मिळाला ना?"

आत्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या झोपल्या नव्हत्या, मला माहीत होतं. यांनी पिशवीतून जिलबी काढून ताटलीत ठेवली.

"नाही," मी म्हटलं. "चांगला होता त्याला मी जाऊ दिलं. आत्या चार तास फरशीवर होत्या. जखम उघडली आहे."

हे ताटली हातात धरून उभे राहिले. "म्हणजे? आणि मला कुणी काही..."

"तिला ओरडू नको," आत्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या. "मलम कुठल्या खोक्यात आहे ते बघ आधी."

मग आम्ही दोघं एकेक खोकं फोडत बसलो. कशावरच काही लिहिलेलं नव्हतं.