मधली मोकळी ओळ

"सही करा, बाई. तारीख बारा घाला."

मोठ्या गुरुजींनी सूचना वही टेबलावरून माझ्याकडे सरकवली. हातात दिली नाही. आमच्या हातात ते काहीच देत नसत. वही कडेला थांबली नाही, खाली पडली.

"उचला," ते म्हणाले.

मी उचलली. पान उघडंच होतं. वरून आलेलं परिपत्रक डिंकानं चिकटवलेलं. प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान प्रशिक्षण, जळगावला, तीन आठवडे, राहण्याजेवणाची सोय. इच्छुकांनी पंधरा तारखेच्या आत अर्ज करावेत. खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या, सगळ्यांची तारीख बारा.

त्या दिवशी एकोणीस तारीख होती. माझ्यामागे माझी मोठी बहीण उभी होती. आम्ही दोघी त्याच शाळेत शिकवत होतो. मी तिला अक्का म्हणायचे, म्हणून मुलंही तिला अक्काबाई म्हणत.

"आज एकोणीस आहे, गुरुजी," मी म्हणाले.

"मला कॅलेंडर दाखवू नका. तुम्ही एकोणीस घातली तर वर काय सांगू मी? कागद दाबून ठेवला म्हणून?"

दाबूनच ठेवला होता. ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

अक्का हळू आवाजात म्हणाली, "बाराला मी रजेवर होते, गुरुजी. ताप होता."

"मग काय झालं? सहीला ताप येत नाही."

सगळे हसले. चौथीच्या वर्गाला शिकवणारे भाऊसाहेब जरा जास्त हसले, कारण त्यांचा अर्ज तेरा तारखेलाच गेला होता. ते म्हणाले, "अक्का, तुम्हाला प्रशिक्षण कशाला? तुम्ही सरकारच्या लेकी. तुमचं बिनअर्जाचं होतं."

मोठे गुरुजी मग समजुतीच्या आवाजात बोलू लागले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "हे बघा, तिथं तीन आठवडे राहायचं असतं. एकच मेस. एकच पंगत. लोकांची अडचण होते. तुम्हालाही अवघड वाटेल. मी तुमच्याच भल्याचं बघतो."

अक्कानं सही केली. बारा तारीख घातली. तिच्याखाली मी सही केली. मीही बाराच घातली.

त्या पानाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वरच्या सह्या संपल्या की एक ओळ मोकळी असायची. तिच्याखाली आम्ही दोघी. सेवेची वर्षं मोजली तर अक्का दुसरी होती, पण तिची सही त्या मोकळ्या ओळीच्या खालीच. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. मी रुजू झाले तेव्हा अक्कानं मला बोटानं जागा दाखवली होती, इथं कर म्हणून. मी विचारलं नाही. नऊ वर्षं विचारलं नाही. परिपत्रक रजेचं असो, जनगणनेच्या कामाचं असो, पोरांना लस टोचण्याचं असो, ती ओळ तशीच राहायची. माणसं पंगतीत अंतर सोडून बसतात. आमच्याकडे सह्याही तशाच बसायच्या.

हे गाव कोणतं ते मी लिहीत नाही. आमचं घर पारोळ्याला, किल्ल्यामागच्या वस्तीत. तिथून एसटीनं दुसऱ्या तालुक्यातल्या त्या शाळेत आम्ही रोज जायचो. डब्यात भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि अक्काच्या पिशवीत कायम एक पुस्तक. ती वाचता वाचता स्टॉप विसरायची. कंडक्टर ओरडायचा, "अक्का, उतरा आता, नाहीतर पुस्तक तुम्हाला धुळ्याला नेईल."

अक्काला प्रशिक्षण का हवं होतं, ते साधं होतं. शाळेला सरकारकडून विज्ञानाची पेटी आली होती. लाकडी, हिरव्या रंगाची, कुलूप लावलेली. आत भिंग होतं, लोहचुंबक होता, परीक्षानळ्या होत्या, एक लहानसा तराजू होता. पेटी मोठ्या गुरुजींच्या खोलीत कपाटावर ठेवलेली. ज्याचं प्रशिक्षण झालेलं नाही त्यानं पेटी उघडू नये, असा त्यांचा नियम. अक्का पाचवीला विज्ञान शिकवायची. ती फळ्यावर भिंग काढायची. पोरं विचारायची, खरं भिंग कुठं आहे? ती सांगायची, पेटीत आहे. पेटी कधी उघडणार? ती म्हणायची, मी शिकून आले की.

त्या प्रशिक्षणाला वयाची अट होती, पंचेचाळीस. अक्का त्या साली चव्वेचाळीस पूर्ण करून पुढे गेली होती. त्या एकोणीस तारखेला तिची शेवटची संधी गेली. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं. तरी आम्ही दोघींनी बारा तारीख घातली.

घरी आल्यावर मायनं अक्काचा चेहरा बघून विचारलं. माय शाळेत गेलेली नव्हती. तिचं बोलणं अहिराणीतलं, नेमकं; सगळ्यांना ती बठ्ठा म्हणायची. ती म्हणाली, "बठ्ठास्ले येळवर समजस. तुमलेच कसा उशीर व्हस?"

अक्का म्हणाली, "माय, कागदले पाय नही ऱ्हातस."

"मंग कोन्ही तरी दाबी ठेवस ना."

अक्का रिकामा डबा धुवायला घेऊन गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

भाऊसाहेब प्रशिक्षण घेऊन आले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड हस्तपुस्तिका. अक्कानं ती वाचायला मागितली. ते म्हणाले, "न्या. वाचून झाली की टेबलावर ठेवा." नाताळच्या सुट्टीत अक्कानं ती पूर्ण पुस्तिका हातानं उतरवून घेतली. आकृत्यांसकट. दोनशे पानी दोन वह्या. मी म्हणाले, "एवढं करून पेटी मिळणार आहे का?" ती म्हणाली, "पेटी नाही मिळाली तरी पोरांना कळेल आत काय आहे ते."

भाऊसाहेबांनी पेटी एकदाच उघडली. तपासणी होती त्या दिवशी.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला अक्का गेली. कावीळ. आधी झाडपाला, मग तालुक्याचा डॉक्टर, मग उशीर. इथेही उशीरच. तिला अग्नी दिला तेव्हा शाळेतून कोणी आलं नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणं खोटं होईल. बघितली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अठरा तारखेला मी शाळेत परत गेले. अक्काच्या वर्गावर कोणी नव्हतं. पोरं आपली आपण पाढे म्हणत बसली होती. मधल्या सुट्टीत मोठ्या गुरुजींनी बोलावलं. भाऊसाहेब आणि दुसऱ्या दोन शिक्षिकाही तिथं होत्या. सूचना वही टेबलावरून सरकली. या वेळी मी हात पुढे करून ठेवला होता. पडू दिली नाही.

पानावर गुरुजींचं सुबक अक्षर. आमच्या शाळेतील शिक्षिकेच्या दुःखद निधनाबद्दल शाळेत शोकसभा घेण्यात आली. दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली. मृतात्म्यास शांती लाभो. खाली चार सह्या. सगळ्यांची तारीख पाच. त्यांच्याखाली मोकळी ओळ. मोकळ्या ओळीखाली माझी जागा. आता एकटीची.

"सही करा, बाई. पाच घाला. केंद्रावर पाठवायचंय, आज शेवटचा दिवस आहे."

मला बरं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. क्षणभर वाटलं, उभे राहिले असतील पोरांना घेऊन. दोन मिनिटं का होईना. मी वही तशीच मिटली, म्हणाले, वर्गात जाऊन येते. पाचवीच्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची, अक्काची लाडकी. तिला विचारलं, पाच तारखेला सभा झाली का गं?

ती म्हणाली, "सभा नही व्हयनी, बाई. हळदीकुंकू व्हयनं. आम्ले तिळगूळ दिन्हा."

मी परत आले. वही उघडली. माझं स्वतःचं पेन काढलं. आम्ही दोघी आपापलंच पेन वापरायचो, टेबलावरचं पेन आमच्यासाठी नव्हतं. आणि मी त्या मोकळ्या ओळीत लिहिलं. चार सह्यांना अगदी लागून.

अशी सभा झाली नाही. आज तारीख अठरा.

खाली पूर्ण नाव घालून सही केली.

पेनाचं टोपण लावलं आणि वही टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.

मोठ्या गुरुजींनी वाचलं. दोनदा वाचलं. "हे काय? खोडा."

"नाही."

"खोडा म्हणतो."

"चुकलेलं खोडतात, गुरुजी. हे बरोबर आहे."

ते उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला. "आणि ती ओळ? ती मोकळी ठेवायची असते, ठाऊक नाही?"

नऊ वर्षांत ती गोष्ट पहिल्यांदा कोणी तोंडानं बोललं होतं. बोलल्यावर त्यांनाही कळलं असावं. एक बाई खिडकीकडे बघू लागल्या.

मी म्हणाले, "ती का मोकळी ठेवायची, ते तुम्ही इथं लिहा. मी खाली सही करते. आजची तारीख घालते."

त्यांनी लिहिलं नाही. कसं लिहिणार? आजवर सगळं न लिहिताच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावाचा कागद आला. सूचना वहीत अनधिकृत मजकूर लिहिल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा सादर करावा. तो कागद सकाळी सह्या होऊन दुपारी माझ्या वर्गाच्या दारात आला. एक दिवसही दाबला गेला नाही. अक्का म्हणायची कागदाला पाय नसतात. असतात, अक्का. कोणाकडे जायचं ते त्यांना पक्कं माहीत असतं.

खुलासा मी त्याच संध्याकाळी लिहिला. मायजवळ चुलीपाशी बसून. शोकसभेबद्दल दोन ओळी लिहिल्या. मग मागे गेले. विज्ञान प्रशिक्षणाच्या परिपत्रकावर अक्काची सही बारा तारखेची आहे. शिक्षकांच्या हजेरीपटात त्याच दिवशी, मुख्याध्यापकांच्या अक्षरात, ती आजारपणाच्या रजेवर आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. दोन्ही शाळेच्याच दप्तरात आहे, काढून बघावं. एवढं लिहून थांबले. सोपं होतं तिथं थांबणं. पण खाली माझीही सही होती. मग लिहिलं, त्याच पानावर माझीही बारा तारखेची सही आहे. ती खोटी आहे. मी ती एकोणीसला केली. सांगितलं म्हणून केली, तरी हात माझा होता. तिच्या शेवटच्या संधीच्या खोट्या कागदावर मी साक्षीदार झाले.

हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

खुलाशाचं उत्तर आलं नाही. जूनमध्ये बदलीचा आदेश आला. सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा, शेवटची एसटी थांबते तिथून पुढे दोन कोस चालायचं. एकशिक्षकी शाळा. वर गवत, भिंती कुडाच्या. निघताना भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तिथं वहीवर तुम्ही एकट्याच. सगळ्या ओळी तुमच्याच." ते हसले. मी हसले नाही.

जाताना जळगावला बस बदलायची होती. दोन तास होते. मी मेहरूणकडे चालत गेले. जिथं ते प्रशिक्षण होतं ती इमारत तळ्याच्या बाजूला आहे, असं भाऊसाहेब सांगायचे. फाटकाबाहेर उभी राहिले. आत कुणाचं तरी शिबिर चालू होतं. जेवणाची घंटा झाली, माणसं ताट घेऊन रांगेत उभी राहिली. एकच रांग. कोणाची अडचण होताना दिसली नाही. मी पूर्ण रांग संपेपर्यंत बघितलं.

पाड्यावर कागद आणखी उशिरा येतात. कधी येतच नाहीत. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तालुक्याला जाते. शिक्षण विभागाच्या भिंतीवरचा फळा वाचते. काचेमागचं एकेक परिपत्रक वहीत उतरवून घेते, शेवटच्या तारखेसकट. तिथला कारकून आधी म्हणायचा, "बाई, बाजूला व्हा, लोकांना वाचू द्या." आता म्हणत नाही. आजूबाजूच्या वस्तीशाळांवर आमच्यासारखेच सात जण आहेत. त्यांना मी कार्डावर लिहून टाकते. अमुक प्रशिक्षण, अमुक तारखेच्या आत. अक्काच्या दोन वह्याही त्यांच्याकडे फिरून येतात.

माझा अर्ज दर वेळी मुदतीच्या आत जातो. पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. आजवर एकदाही निवड झालेली नाही. कारण कळवलेलं नाही. माझं वय आता त्रेचाळीस आहे. दोन वर्षं उरलीत.

अक्का गेली, तिला काही मिळायचं राहिलं ते राहिलंच. मी मनाची समजूत घालत नाही. उशिरा आलेल्या कागदावर आधीची तारीख मी पुन्हा घालणार नाही. कुणाच्याही सहीखाली ओळ सोडून सही करणार नाही. आणि या दोन वर्षांत दर अर्जाबरोबर मी तेच मागणार आहे, खिडकीशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला नाही म्हणायचं असेल तर म्हणा. कागदावर म्हणा. खाली सही करा. आणि खरी तारीख घाला.