बॉनेटवरचं कुंकू

अरुणभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उधव्याला होतो. पहिला विचार मनात आला तो त्यांच्या गाडीचा, आणि याची मला मुळीच लाज वाटत नाही… त्या माणसाला गाडीवेगळं आठवताच येत नाही.

डहाणूला चिकूची वाडी असलेल्या माझ्या या मित्राने उतारवयात मुंबईहून एक जुनी विलायती गाडी आणली. कंपनीने मोजक्याच काढलेल्या गाड्यांपैकी ही एक. पांढरी, चार दारांची, दिसायला अगदी घरंदाज. पण भाईंनी पाय दाबला की आपली पाठ सीटला चिकटलीच. आत अक्रोडाचं लाकूड, मऊ चामडं. पोट मात्र जमिनीला टेकलेलं. रानशेतच्या स्पीडब्रेकरला आम्ही मुकाट्याने उतरायचो, राणीसाहेब रिकाम्या पुढे जायच्या, मग पुन्हा बसायचो. मी वैतागून एकदा म्हणालो, पळायचीच एवढी हौस होती तर दोन सीटवाली घ्यायची.

"मग नलू बसली असती आणि तू घरी राहिला असतास. चाललं असतं?"

नलूवहिनी मागे बसून हसत होत्या. पुढून वेग बघवत नाही म्हणून मागची सीट त्यांची.

गाडी आणली त्याच आठवड्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे पूजा झाली. वहिनींनी तेलात कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं. देवीचं आहे म्हणून भाईंनी ते कितीतरी दिवस पुसूच दिलं नाही, आणि उन्हात ते रंगात मुरलं ते मुरलंच. वहिनींना रडू आवरेना. भाई उलट खुशीत… अशा गाड्या जगात थोड्या होत्या, आता ही एकच, म्हणाले. पुढे दर दसऱ्याला वहिनी त्याच गुलाबी खुणेवरून बोट फिरवायच्या.

भाई गेल्यावर मुलाने गिऱ्हाईक आणलं. गाडी पसंत होती, फक्त डाग पॉलिश करून काढून द्या, म्हणालं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ते पुसायचं नाही." गिऱ्हाईक परत गेलं. मला फार बरं वाटलं.

दसऱ्याला त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात कुंकवाची वाटी दिली.

"आमच्याकडे यंदा सण नाही. तुम्हाला चालतं. तुम्ही काढा."

माझं बोट जुन्या खुणेवरून आपोआप फिरलं. मान वर केली तर काचेतून वहिनी दिसल्या. स्टिअरिंगमागे कुणी नव्हतं, आणि त्या मागे, आपल्या जागेवर बसल्या होत्या.