ताटाखालचं ओलं फडकं

आमच्या मागच्या पडवीत दोन दोऱ्या आहेत. एकीवर माझे पंचे वाळतात आणि दुसरीवर बायकोचं राजघराणं. दोन्ही मीच बांधल्या. मिरकरवाडा बंदरातून आणलेली निळी नायलॉनची दोरी आहे, जन्मात तुटायची नाही. बायकोच्या दोरीवर चिमट्यांनी चिठ्ठ्या अडकवलेल्या असतात. कादंबरीतल्या एकेका माणसाला एकेक रंग. या टोकाला ते माणूस सुरुवातीला कसं आहे ते, त्या टोकाला शेवटी कसं झालं ते, आणि मधल्या चिठ्ठ्यांवर ते कशाकशाने बदलत गेलं ते. संध्याकाळी वारा सुटला की एखादा सेनापती शेजारच्यांच्या आंब्याखाली जाऊन पडतो आणि मी तो उचलून आणतो. माझा जन्म बोटीवर गेला, इंजिन रूममध्ये. निवृत्तीनंतर सेनापती वेचायचे आहेत असं कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. नोकरी संपत आली तेव्हा तिने एक फँटसी कादंबरी लिहिली. एका राज्यातला समुद्र ओहोटीला जातो तो परतच येत नाही, म्हणून राजाचा थोरला मुलगा भरती आणायला जहाज घेऊन निघतो. शेवटी भरती येते, पण थोरल्याचं जहाज येत नाही. पोरांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. पालीच्या बाजारात एका कॉलेजच्या मुलीने तिला भाजीवाल्यापुढेच अडवलं आणि म्हणाली, "म्याडम, तो थोरला कधी येनार वो?" दुसरा भाग लिहायचं बायकोने तिथेच ठरवलं असणार, कारण त्या दिवशी ती भाजी न घेताच घरी आली.

तिचं काम बघत राहावं असं असतं. धाकटी राजकन्या पहिल्या भागात भित्री होती, ती दुसऱ्या भागात वादळात सुकाणू धरणार होती. ते प्रकरण तिने दोनदा लिहून फाडलं. मी म्हटलं, चांगलं तर होतं. तर म्हणाली, "भित्रं माणूस एकदम शूर होत नाही हो. आधी ते आपली भीती दुसऱ्याला दिसू नये, एवढंच बघतं." एकदा इंजिन रूममध्ये पाणी शिरलं होतं तेव्हा मी हेच केलं होतं, आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं. दाभोळच्या फेरीबोटीपलीकडे समुद्र न बघितलेल्या बाईला हे कळतं कुठून, याचं मला आजही नवल वाटतं.

बाकी सगळे मार्गाला लागले. घोडं पेंड खात होतं ते थोरल्यापाशी. तिसऱ्या प्रकरणात तो परत यायचा आणि तिथून पुढे हलायचाच नाही. त्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या ती रोज बदलायची. प्रकाशकांकडच्या मुलीचा फोन आला, "मॅडम, थोरला घरी आला की पुस्तक थांबतं." बायकोलाही ते कळत होतंच. तिने मला सांगून टाकलं, "गणपतीपर्यंत हा मार्गाला लागला नाही तर दुसरा भाग सोडून देणार. अर्धवट माणसाला घेऊन पुस्तक काढायचं नाही मला." ती बोलली की करते. मला ते नको होतं, कारण लिहायला लागल्यापासून ती सकाळी किती खुशीत उठते ते मी बघितलं होतं.

मग तिने माझी उलटतपासणी सुरू केली. "तुम्ही बोटीवरून यायचात तेव्हा पहिले दिवस कसे जायचे?"

"बरे जायचे."

"बरे म्हणजे?"

मी एका बंदराची गोष्ट सुरू केली. लपवण्यासारखं काही नव्हतं. आम्हा बोटीवरच्या माणसांना बंदरांच्या गोष्टी सांगता येतात, घरी आल्याची गोष्ट सांगता येत नाही.

"ओलं फडकं घालायचात ताटाखाली," ती म्हणाली.

ते खरं होतं. समुद्र खवळला की बोटीवर जेवणाच्या टेबलावर ओलं कापड अंथरतात, म्हणजे ताट घसरत नाही. सुट्टीवर आलो की घरातल्या ढिम्म टेबलावरही मी फडकं भिजवून ताटाखाली घालायचो. हात आपोआप जायचा. काही दिवसांनी सवय आपसूक सुटायची. माझ्या बाकी सगळ्या खोडींवर हसणारी बायको या एका गोष्टीला कधी हसली नाही.

आता तिने ते थोरल्याला दिलं. राजवाड्यात, सोन्याच्या ताटाखाली तो ओलं फडकं घालतो, सगळा दरबार हसतो, आणि फक्त त्याची बायको हसत नाही. प्रकरण वाचून मी तिला मनापासून दाद दिली. पण ती अडूनच होती. "आता ते फडकं सुटायचं कधी? निवृत्त होऊन आलात तेव्हा तुमचं कधी सुटलं?"

"तेव्हा पुष्कळ दिवस चाललं. महिने गेले असतील."

ती कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. तुम्ही लवकरच विसरलात. पुढे मी घालत होते."

"तू? कशाला?"

"तुमचं फडकं सुटलं की थोड्या दिवसांत पुढच्या बोटीचा फोन यायचा. दरवेळी. म्हटलं, फडकं आहे तोवर फोन यायचा नाही."

"अगं, मी निवृत्त झालो होतो."

"ते तुम्हाला माहीत होतं. मला कुठे खरं वाटत होतं?"

एवढं बोलून तिने कोलंबी तशीच टाकली. हात धुतले आणि पडवीत गेली. थोरल्याच्या सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्या तिने काढून टाकल्या आणि त्या जागी हिरव्या लावायला लागली. हिरवा रंग थोरल्याच्या बायकोचा. पहिल्या भागात तिला जेमतेम दोन वाक्यं होती: धक्क्यावर दिवा घेऊन येते आणि परत जाते. थोरला कधीचाच घरी आला होता. तो आलाय यावर विश्वास बसायचा होता तो हिचा, आणि इतके महिने पुस्तक अडलं होतं ते तिथे.

त्यानंतर तिने मागे वळून बघितलं नाही. गणपतीची आरास काढायच्या आतच शेवटचं प्रकरण माझ्या हातात पडलं. थोरली सून एके दुपारी फडकं न भिजवता घडी करून फडताळात ठेवते आणि नवऱ्याशेजारी जेवायला बसते. बस, एवढंच. मी पडवीतच बसून वाचलं आणि मला रडू आलं. असलं लिहिणारी बाई माझी बायको आहे याचा अभिमान वाटला, आणि तिने ती सगळी वर्षं कशी काढली ते पहिल्यांदा कळलं.

डोळे पुसून मी विचारलं, "आणि तू फडकं घालायचं कधी बंद केलंस?"

ती दोरीवरच्या चिठ्ठ्या उतरवत होती. शेजारच्या, माझ्या पंच्यांच्या दोरीकडे बोट करून म्हणाली, "ही बांधलीत त्या दिवशी. तोवर तुमचा पंचा खुर्चीच्या पाठीवरच असायचा, बॅगेत टाकायला बरा."