बाईंचे उंदीर आणि आईचा कंदील

डॉ. इंदुमती बनसोडे बाईंचं पहिलं दर्शन मला आमच्याच दारात झालं. दुष्काळाचे दिवस, अख्खं उस्मानाबाद टँकरची वाट बघत होतं, आणि आमच्या कॉलेजातल्या या नव्या प्राध्यापिका आमची मागची खोली भाड्यानं मागत होत्या. कुणासाठी? तर पांढऱ्या उंदरांसाठी! माझी आई आधी पोटभर हसली, मग तिनं किल्ली दिली.

प्रखर उजेडानं डोळ्यातल्या दृष्टिपटलाला इजा होते आणि ती थोपवायला शरीरातली अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स धावून येतात, हा बाईंच्या पीएच.डी.चा विषय. उंदरांना पेंड आणायला त्या सहकारी दूध संघात गेल्या, तर तिथले कारकून म्हणाले, "बाई, लोक उंदरांना औषध घालतात, आन् तुमी खुराक घालता व्हय?" बाईही हसल्या, पण पेंड घेऊनच हलल्या.

उंदीर आधी काही आठवडे अंधारात ठेवायचे, मग झगझगीत दिव्याखाली; अंधार सांभाळायचं काम बाईंनी आईवर सोपवलं होतं. त्यांच्या डोळ्यांना इजा व्हायला हवी होती, झालीच नाही. उलट एन्झाइम्स वाढलेली! बाई चक्रावल्या. आईला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "रोज दिवेलागणीला कंदील ठिवत होते की मी पिंजऱ्यापशी. तिन्हीसांजेला जित्या जिवाला अंधारात कसं ठिवायचं?"

केवढं काम पाण्यात गेलं! कळल्यावर आई तर रडायलाच लागली. बाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "रडू नका, मावशी. रोजच्या थोड्या उजेडानंच हे डोळे तयार झाले असतील. बघू या की!"

मार्गदर्शकांचा सल्ला होता, ते आकडे टाकून द्या, कंदिलाचं नावच काढू नका. बाई कुठल्या ऐकायला! पदवीवाचून नोकरी कायम होणार नव्हती, तरी त्यांनी सगळं पुन्हा मांडलं: निम्म्या उंदरांना कंदील, निम्म्यांना काळोख. आई अडून बसली. "निम्म्यांना अंधार? असलं पाप मला न्हाय जमायचं." बाईंनी वाद घातला नाही; रोज संध्याकाळी स्वतः येऊन कंदील लावला. झगझगीत दिव्याखाली कंदिलाच्या उजेडातल्या उंदरांचे डोळे पुन्हा टिकले, काळोखातल्यांचे नाही.

तोंडी परीक्षेला मी मागं बसले होते. परीक्षकांनी विचारलं, "पहिल्या वेळची चूक कुणाची?" बाई म्हणाल्या, "माझी. अंधार ठेवा एवढंच मी सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगितलंच नव्हतं."

त्या दिवसापासून त्या माझ्या गुरू. पंचाहत्तरीनिमित्त आम्ही त्यांच्यासाठी निरोगी शंभर वर्षं मागतो आहोत. कशासाठी, तेही सांगून टाकते: आमच्या चुका अशा आपल्या अंगावर घेणारं माणूस आम्हांला अजून हवं आहे.