जयवंतीबाईंचं सूर्यमाळ

जव्हारच्या शाळेत जयवंतीबाईंनी वर्षानुवर्षं प्रार्थना आणि स्वागतगीतं बसवली. निवृत्तीच्या वर्षी मात्र त्यांनी हट्टाने शब्दांशिवायचं काहीतरी रचलं. व्हायोलिनं, बासऱ्या, हार्मोनियम, ढोल आणि लग्नाच्या बँडमधल्या देवरामचं क्लॅरिनेट. नाव ठेवलं 'सूर्यमाळ'.

मोखाड्यातल्या सूर्यमाळ नावाच्या माळावरच, तिथल्या पाड्यावर, त्यांची पहिली नेमणूक झाली होती. राहायला खोली मिळेना, तेव्हा पाड्यावरच्या धोंडीबाईने आपली पडवी रिकामी करून दिली. भाड्याचा विषय काढला तर रुसायची. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की अख्ख्या पाड्याचे कान घाटाकडे लागत. कोणी रिकामा हंडा जरी आपटला तरी धोंडीबाई खेकसायची, कारण त्या आवाजात खालून चढणारा पाण्याचा टँकर ऐकू यायचा नाही. मग पोरंसुद्धा गप्प. कोंबड्याही गप्प व्हायच्या, असं जयवंतीबाई शपथेवर सांगत. तसली शांतता त्यांना पुढे कुठल्याच मैफलीत भेटली नाही.

तीच त्यांनी रचनेच्या मधोमध ठेवली. आधी नाचणीच्या शेतावरचा वारा, रानातली पाखरं. मग एकेक वाद्य सुकत जातं आणि सगळे थांबतात. बराच वेळ थांबतात. मग कुठूनतरी खोलातून ढोल घरघरायला लागतो.

तालमीत या थांबण्यावरून कुरबुर झाली. देवराम म्हणाला, वरातीत एवढा थांबलो तर नवरा घोड्यावरून उतरून घरी जाईल. सूत्रसंचालन करणारे सर्वेश सर बोलायला गोड; त्यांनी सुचवलं, दोन श्वासांपुरतं थांबावं, लोकांना कळत नाही.

"ज्या बाईमुळे हे सुचलं ती ऐकायला येणार आहे," जयवंतीबाई म्हणाल्या. "तिच्यासमोर खोटं वाजवू?"

कार्यक्रमाला धोंडीबाई आली आणि पहिल्या रांगेत, खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. वारा वाजला, पाखरं वाजली. हळूहळू वाद्यं सुकली. ढोलावरचा रघु हात अधांतरी धरून जयवंतीबाईंच्या खुणेची वाट बघत राहिला.

मागे कोणीतरी खोकलं. एक टाळी पडली. तिच्यामागे सगळ्याच पडल्या. पाहुणे हार घालायला उठले, तसे सर्वेश सर गांगरले आणि रचना तिथेच संपली असं भासवून बाईंची लाज राखायला माइकपाशी जाऊन आभार मानू लागले. प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या जयवंतीबाईंनी खुणेचं बोट वर धरलं, पण हलवलं नाही. आता खूण केली तर घाटातला टँकर टाळ्यांत बुडणार. नाही केली तर कार्यक्रम इथेच संपणार, आणि पाणी पाड्यावर पोचणारच नाही.

तेवढ्यात धोंडीबाई खुर्चीवरून उतरली.

"ए मास्तर, गप रव्हा जरा. टँकर ऐकू दे."

सभागृह हसलं. पण त्यातले निम्मे पाड्यांवरचेच होते. हसता हसता त्यांचे चेहरे पालटले, हात खाली आले, आणि कोणी न सांगता सगळे कान देऊन बसले. सर्वेश सर माइकजवळच उभे राहिले, तोंड अर्धवट उघडं ठेवून. जयवंतीबाईंना वाटलं, आपण पुन्हा त्या पडवीत उभ्या आहोत. त्यांनी घाई केली नाही.

मग बोट हललं. ढोल लांबून घरघरला, वळणावळणाने वर आला, देवरामच्या क्लॅरिनेटने हॉर्न दिला आणि सगळी वाद्यं हंडे घेऊन धावली. आता लोक नुसते टाळ्या वाजवत नव्हते, खिदळत होते, एकमेकांना कोपरं मारत होते.

नंतर जयवंतीबाई धोंडीबाईच्या पाया पडायला वाकल्या, तर तिने पाय चटकन वर ओढून घेतले.

"तुम्ही होतात म्हणून झालं हो," जयवंतीबाई म्हणाल्या. "तेव्हाही, आणि आजही."

"माझं काय त्यात. चांगला वाजला," धोंडीबाई म्हणाली. मग जरा विचार करून, "पण बाई, तुझा टँकर लय लवकर आला. आमचा असा येतो काय कधी?"

जयवंतीबाई डोळे पुसत हसायला लागल्या. तिथूनच त्यांनी देवरामला हाक मारली आणि सांगितलं, पुढच्या खेपेला अजून थांबायचं. क्लॅरिनेट पुसत असलेल्या देवरामने धोंडीबाईकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने मान हलवली.